जुन्या जीपच्या पाट्यांचे जाम बोल्ट: काय वाचवायचं ते आधी ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही अंदाज येईल. तुमची १९९२ची महिंद्रा एमएम ५४० दारव्ह्याकडच्या वावरात चालते. मागच्या डाव्या सेटमधला एक पाटा (लीफ स्प्रिंगची पोलादी पट्टी) तुटला आणि गाडी त्या अंगाला बसली. सेट उतरवून तुटलेला पाटा बदलायचा, कमान मारून (पाट्यांना पुन्हा वाक देऊन) आणायची आणि नवे बुश टाकायचे असा बेत आहे. शॅकलचा (पाट्याच्या एका टोकाची झुलती कडी) आणि हँगरचा (दुसऱ्या टोकाचा चेसिसवरचा पक्का ब्रॅकेट), दोन्ही नट निघाले, पण बोल्ट जागचे हलत नाहीत. हँगरचा बोल्ट पान्याने थोडासा फिरतो आणि पाना सोडला की परत येतो. चार दिवस तेल मारून झालं. गावातला वेल्डर म्हणतो, गॅसने लाल करू आणि घणाने हाणू. तुम्हाला भीती आहे की चेसिसवरच्या हँगरचा कान, म्हणजे बोल्ट धरणारी बाजूची पट्टी, वाकेल.

भीती रास्त आहे. आणि बोल्ट फिरून परत येतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निदान तिथेच होतं.

मेन, म्हणजे सर्वांत लांब पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं, त्याला आपण डोळा म्हणू. त्या डोळ्यात बसणारा बुश, ज्याला गॅरेजात सायलेंट ब्लॉक म्हणतात, तो तीन थरांचा असतो. बाहेर लोखंडी नळी, मध्ये रबर, आत दुसरी लोखंडी नळी. बोल्ट त्या आतल्या नळीतून जातो. नट आवळला की हँगरचे दोन्ही कान आतल्या नळीची तोंडं दोन्हीकडून दाबून धरतात. म्हणजे बोल्ट आणि आतली नळी यांनी एकमेकांत फिरायचंच नसतं. पाटा वरखाली होताना पीळ पडतो तो रबराला. आता वर्षानुवर्षं न हलणाऱ्या दोन लोखंडांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की ते तिथेच मुरतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे ती बारीक फट गच्च भरते आणि बोल्ट-नळी एकजीव होतात. तुम्ही पाना लावला की दोघं मिळून फिरतात, रबर पिळतं, आणि पाना सोडला की रबर त्यांना परत जागेवर आणतं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, आट्यांचा काही दोष नाही, नट निघाला तेव्हाच आट्यांचं काम संपलं. दोन, तुम्ही चार दिवस मारलेलं तेल जिथे पोचायला हवं तिथे पोचलेलंच नाही. ते कानाच्या बाहेरच्या अंगाला ओघळलं. जाम आहे तो भाग आत, नळीच्या पूर्ण लांबीत आहे, आणि त्या नळीची दोन्ही तोंडं कानांनी झाकलेली आहेत. आणखी आठ दिवस मारलंत तरी फारसा फरक पडायचा नाही.

म्हणून बोल्ट कसा फिरवायचा हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी हे ठरवा की यातलं काय वाचवायचं आणि काय मारायचं. बोल्ट नवा टाकणारच आहात. बुश नवे टाकणारच आहात. दोन्ही अकोल्या-नागपूरच्या जुन्या स्पेअरच्या दुकानात मिळतात आणि सगळ्या कामात सर्वांत स्वस्त तेच असतात. वाचवायचं आहे ते हँगर, चेसिस आणि मेन पाटा. मी रोज बघतो, लोक फेकायच्या बोल्टसाठी ठेवायचा हँगर पणाला लावतात. घण बोल्टवर बसतो, पण तो निघत नाही म्हटल्यावर सगळा मार कानावर जातो. कान बाहेर फाकतो, आणि हँगर रिव्हेटचा असेल तर रिव्हेट ढिले होतात. मग पाटा नवा असूनही गाडी वाकडी चालते, आणि ते दुरुस्त करायला बोल्टच्या कितीतरी पट पैसा जातो.

तर पहिली पायरी गाडीखाली जाण्याची नाही, दुकानात जाण्याची आहे. दोन्ही टोकांचे बोल्ट, नट, बुश, शॅकलच्या पट्ट्या, यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) आणि सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) हातात आल्यावरच पाना उचला. नवा बोल्ट समोर असला की जुना कापताना हात कचरत नाही. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे का ते बघा. साधा, बिनआकड्याचा बोल्ट पाट्याला टाकू नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण गाडी मी पाहिलेली नाही.

सगळ्यात आधी हँगर किती शिल्लक आहे ते बघा. माती खरवडून काढा आणि छोट्या हातोडीने कान ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला, पापुद्रे सुटले, किंवा भोकाची कड धारदार पातळ झाली असेल, तर तो हँगर तसाही बदलायचाच आहे, आणि मग तुमचं सगळं गणित बदलतं. दुसरं म्हणजे शॅकल कोणत्या प्रकारचं आहे. तुमच्या वर्णनावरून दोन पट्ट्या आणि दोन बोल्टचं दिसतं. पण हे वाचणाऱ्यांत कुणाकडे महिंद्राची जुनी सीजे ३बी जीप असेल, तर तिथे इंग्रजी यू आकाराचं शॅकल आणि आटेवाले बुश असतात, त्यांची रीत वेगळी. त्यात काहींना उलटे आटे (डावीकडे फिरवल्यावर आवळणारे) असतात. विलिस या मूळ अमेरिकी जीप कंपनीच्या रचनेत पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या पाट्याच्या शॅकलचं खालचं टोक उलट्या आट्याचं आहे. ओळख म्हणून बुशच्या षटकोनी डोक्याभोवती एक खाच असते आणि शॅकलच्या खालच्या दांड्यावर उंचवटा घडवलेला असतो. तीस-चाळीस वर्षांत कुणी काय कुठे बसवलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून जागेवरून ठरवू नका, खूण बघा. खूण न बघता चार फुटी पाइप लावून उलटा बुश आवळत बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि शेवटी त्यांचं शॅकल तुटतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्याकडची माती आणि पाणी. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात टोंगळाभर चिखलातून काढलेल्या गाडीच्या हँगरमध्ये ती ठासून बसते, वरून वाळलेली दिसते आणि आतून दिवाळीपर्यंत ओली असते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणीच खारं, आणि त्याच पाण्याने गाडी धुतात. खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाड्यांचं आणखी वाईट. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, गोणी फाटून सांडलेली पूड फ्लोअरच्या भोकांतून खाली पाट्यांवर बसते, आणि ओल लागली की लोखंड खाते. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या चिखलातल्या गाड्याही येतात, पण मला सर्वांत घट्ट जाम बोल्ट सापडतात ते खताची ने-आण करणाऱ्या गाड्यांतच. तुमची गाडी त्यातली असेल तर बोल्ट ठोकून निघेल ही आशा धरू नका, सरळ कापायच्या तयारीने बसा.

कामाची जागा आधी बघून घ्या. ग्राइंडरच्या ठिणग्या दहा-पंधरा फूट सहज जातात. ज्या कोठ्यात कापूस भरला आहे, कुटार रचलं आहे, शेजारी पऱ्हाटीचा ढीग आहे, तिथे ग्राइंडर किंवा गॅस लावायचाच नाही. गाडी मोकळ्या अंगणात आणा, खालची जागा ओली करा, पाण्याची बादली आणि ओलं पोतं हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथे थांबा, कारण ठिणगी कुटारात पडली तर लगेच भडकत नाही, आत धुमसत राहते. डिझेलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते बघा. जुन्या सीजेमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. ब्रेकची रबरी नळी बाजूला बांधा आणि तिच्यावर ओलं फडकं गुंडाळा. वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीची दोन्ही टोकं काढून ठेवा.

आता गाडी उचलणं. काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून खाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा घाला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. ज्या जुन्या जीपांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो, तिथे मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे तो काहीच धरत नाही. चेसिस घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा, घोडी नसेल तर बाभळीच्या रुंद ठोकळ्यांवर. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते सांगून फुटत नाहीत. दुसरा जॅक ॲक्सलखाली लावा आणि तो हळूहळू वरखाली करून अशी जागा शोधा जिथे पाट्यावर ना गाडीचं वजन आहे, ना ॲक्सलचं. ही जागा शोधण्यात पंधरा मिनिटं गेली तरी घालवा. बोल्टवर वजन असताना तो ठोकणं म्हणजे निम्मी ताकद वाया घालवणं आहे, आणि बोल्ट सुटला की पाटा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

यू-बोल्ट अजून सोडू नका. ते आवळलेले असेपर्यंत पाटा ॲक्सलला पक्का धरलेला असतो, आणि टोकाच्या बोल्टवर मेहनत करताना तो हलत नाही. अनेकजण आधी यू-बोल्ट सोडतात आणि मग लोंबकळत्या पाट्याशी झटत बसतात.

कापण्याआधी एक प्रामाणिक प्रयत्न करावा, पण त्याला हद्द असावी. तेल आत जायचं तर नळीच्या तोंडाशी जागा झाली पाहिजे. मजबूत टॉमी (लोखंडी पहार) घालून डोळा एका बाजूला सरकवा, रबर दबतं आणि कानाच्या आत केसाएवढी फट दिसते. तिथे तेल सोडा, मग दुसऱ्या बाजूला सरकवून तिकडे सोडा. तेल म्हणून गंज सोडवणारा स्प्रे चांगलाच, नसेल तर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं करून वापरा. ते पातळ असतं आणि बारीक फटीत शिरतं, पण पेट घेतं, म्हणून ज्या दिवशी गॅस लावणार त्या दिवशी ते नको. डिझेलही चालतं, फक्त वेळ जास्त घेतं. उन्हाळ्यात, नवतप्याच्या दिवसांत तर नक्कीच, तेल संध्याकाळी मारा. दुपारी चेसिस इतकी तापलेली असते की पातळ द्रव आत शिरण्याआधी उडून जातो.

मग हादरा द्या. जाम लोखंड सुटतं ते हादऱ्याने, नुसत्या पिळाने नाही. नट परत बोल्टवर चढवा, टोकाच्या बरोबरीने, म्हणजे आटे चेपणार नाहीत. बोल्टच्या डोक्याकडच्या कानाला बाहेरून, डोक्याच्या वाटेत न येईल असा, जड लोखंडाचा ठोकळा टेकवून धरा, म्हणजे मार कानावर न जाता ठोकळ्यावर जाईल. मग दोन-अडीच किलोच्या हातोड्याने नटावर सरळ, नेमके फटके द्या. लांब दांड्याचा घण नको, गाडीखाली तो नीट फिरत नाही आणि तिरपा बसतो. मधूनमधून बोल्टचं डोकं सहा कोनी सॉकेटने आधी आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या दिशेला फिरवा. बारा कोनी रिंग पाना गंजलेल्या डोक्यावर घसरतो आणि कोपरे गोल करतो. बोल्ट एक मिलिमीटरही बाहेर सरकला तर तो निघणार, तेल मारत राहा. दहा-बारा चांगल्या फटक्यांनंतर काहीच हललं नाही आणि बोल्टचं टोक पसरू लागलं, तर तिथेच थांबा.

आता तुमच्या वेल्डरचं म्हणणं. उष्णतेने काम होतं, यात तो चूक नाही. १२ मिलिमीटरच्या भोकाभोवतीचं लोखंड ३०० अंशांनी तापलं तर भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. आकडा छोटा वाटतो, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. जाम नट किंवा कानात अडकलेला बोल्टचा तुकडा यांना उष्णता उत्तमच. नट गरम करून त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, आणि निवताना पाना लावला की नट सुटतो.

पण तुमच्या बोल्टला उष्णता उपयोगी नाही, याची कारणं तिन्ही वजनदार आहेत. बोल्ट आणि आतली नळी यांच्याभोवती रबर आहे. बाहेरून डोळा लाल केला तरी उष्णता आत पोचायच्या आधी रबर जळतं, दाट विषारी धूर होतो, आणि कोंडलेल्या वायूमुळे बुश डोळ्यातून जोराने बाहेर फेकला जाऊ शकतो. दुसरं, मेन पाटा. पाट्याचं पोलाद कडक करून मग साधारण ४५०-५०० अंशांवर परत तापवलेलं असतं, त्याची लवचीकता तिथून येते. पोलाद अंधारात लालसर दिसू लागतं तेव्हा ते पाचशे अंशांच्या वर गेलेलं असतं. म्हणजे डोळा लाल झाला की तेवढ्या भागाचा पाणी दिलेला गुण गेला, आणि वरून गार पाणी ओतलं तर तो ठिसूळही होतो. असा पाटा महिना-दोन महिने चालतो आणि भरल्या गाडीखाली डोळ्यापाशी तुटतो. तुम्हाला मेन पाटा ठेवायचा आहे, तेव्हा डोळ्याला लाल ज्योत लागू देऊ नका. सगळाच सेट भंगारात टाकायचा असता तर हा मुद्दा गळून पडला असता, बाकीचे दोन तरीही राहिले असते. तिसरं म्हणजे टाकी आणि ब्रेकची नळी जवळ आहेत.

तर कापायचं. कुठे कापायचं हे मात्र नीट समजून घ्या. बोल्ट दोन ठिकाणी कापायचा: डोळ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या आतल्या पृष्ठभागाला लागून. डोळा पुन्हा टॉमीने एका अंगाला सरकवा आणि त्या जागेत लाकडी पाचर ठोका. फट दोन-तीन मिलिमीटरची झाली की पुरे. आतल्या नळीची कड आणि बोल्ट एकत्र कापले जाऊ द्या, दोन्ही फेकायचेच आहेत.

ग्राइंडरला १ मिलिमीटरची पातळ कटिंग व्हील लावा. चार इंची ग्राइंडरची पोच लक्षात घ्या. मधली चकती वजा जाता व्हील जेमतेम २५-३० मिलिमीटर आत जाते, त्यामुळे हँगरच्या कानांमधून एका बाजूने बोल्ट पूर्ण कापला जात नाही. खालून अर्धा आणि मागून अर्धा असा कापावा लागतो. गार्ड काढून पोच वाढवायचा मोह होतो, तो आवरा. तिरपी पकडलेली व्हील फुटली की तुकडे तोंडाच्या दिशेने येतात आणि तुम्ही गाडीखाली आडवे असता. गॉगल, बंद बाह्या, आणि गळ्यात गमछा लोंबत नको. उरलेला भाग हॅक्सॉच्या पात्याने कापा. फ्रेममधून पातं काढून त्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळा आणि हाताने ओढा. दात ओढण्याच्या दिशेला ठेवा, पातं वाकत नाही. वीज नसेल तर पूर्ण बोल्ट असाच कापता येतो, फक्त पाती जास्त लागतात आणि हात भरून येतात. वावरात लाइन कधी दिवसा, कधी रात्री असते, म्हणून सांगतो. रात्री बॅटरीच्या उजेडात गाडीखाली ग्राइंडर चालवण्यापेक्षा दिवसा हाताने कापलेलं बरं. बोल्ट कडक असेल तर पातं नवं घ्या आणि सावकाश, लांब ओढी मारा. घाईने पातं तापतं आणि दात जातात.

दोन्ही काप पूर्ण व्हायच्या आधी पाट्याखाली ठोकळा द्या. काप पूर्ण झाला की पाटा खाली येतो, आणि तो जड असतो.

कानात राहिलेले दोन तुकडे आता सहसा त्रास देत नाहीत, कारण कानाची जाडी कमी आणि जाम असलेला भाग तर नळीत होता. पंच लावून ठोका. इथे अडलं तर उष्णता वापरा, पाटा आता दूर आहे. कान तापवा, तुकडा नाही, आणि निवू द्या. काही गाड्यांत हँगरला आतून नट वेल्ड केलेला असतो. तिथे आट्यांत तुकडा राहिला तर त्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्ड भरा. वेल्डच्या उष्णतेने आटे सैल होतात आणि पकडायला नवं डोकंही मिळतं.

शॅकलच्या टोकाला हेच करायचं, फक्त तिथे सोपं आहे. शॅकलच्या पट्ट्या बदलणारच आहात, म्हणून पट्टीच कापली तरी चालते. चेसिसला जोडलेल्या वरच्या नळीला मात्र व्हील लागू देऊ नका.

शॉकअपबद्दल (शॉक ॲब्सॉर्बर) तुम्ही विचारलं नाहीत, पण पाटा उतरवताना तोही काढावा लागेल, आणि तिथे हिशोब उलटा आहे. शॉकअप ज्या पिनेवर बसतो ती पिन चेसिसला किंवा पाट्याच्या खालच्या प्लेटला पक्की असते. पिन तोडली तर ती परत बसवायला वेल्डिंग आलं. तेव्हा तिथे पिन वाचवायची आणि शॉकअप मारायचा. रबर चाकूने कापून काढा. आतली नळी पिनेला चिकटलेली राहिली तर तिला लांबीच्या दिशेने ग्राइंडरने उथळ खाच मारा, पिनेला लागणार नाही इतकीच, आणि खाचेत छिन्नी घालून पिळा. नळी उघडते आणि सुटते. शॉकअप चांगला असेल तर जीव तुटतो, पण पिन जास्त महत्त्वाची.

आता यू-बोल्ट. हे परत वापरायचे नसतात, कारण आवळताना ते ताणलेले असतात, आणि गंजाने आटे खाल्लेले असतात. नट हट्टी असेल तर तोच कापा. मात्र दोन्ही बाजूंचे पाटे एकाच दिवशी सोडू नका. एक बाजू जागेवर असली की ॲक्सल कुठे बसायचा ते ठरलेलं राहतं. एका बाजूचा पाटा काढल्यावर ॲक्सल कलंडू शकतो, म्हणून त्याखालचा जॅक काढायचा नाही.

पाट्यांचा सेट बाहेर आल्यावर सेंटर बोल्ट घाईने कापू नका. वेगवेगळ्या कमानीचे पाटे त्या एका बोल्टने दाबून धरलेले असतात. तो कापला की ते उसळतात आणि बोटं सापडतात. आधी दोन मजबूत सी-क्लॅम्प सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना लावा, मग बोल्ट काढा, मग क्लॅम्प थोडेथोडे करून सैल करा.

राहिला डोळ्यातला बुश. आतली नळी आणि बोल्टचा तुकडा अजून तिथेच आहे. रबराला ड्रिलने चौफेर भोकं पाडली की मधला गाभा ठोकून निघतो. जाळून काढणारेही आहेत, पण वर सांगितलं तेच, पाटा तापतो आणि धूर होतो. मग उरते बाहेरची नळी. हॅक्सॉचं पातं फ्रेममधून सोडवून डोळ्यातून घाला, फ्रेम परत जोडा, आणि नळी आतून लांबीला कापा. डोळ्याच्या लोखंडाला पातं लागायच्या आत थांबा. डोळ्यावर आतून पडलेली खाच म्हणजे उद्याची चीर. नळी जवळपास कापली गेली की छिन्नीने कड आत मुडपा, ती गळून पडते. लेथवाल्याकडे प्रेस असेल तर सेट कमान मारायला नेताना त्याच्याकडूनच बुश काढून घ्या आणि नवे बसवून घ्या. मी स्वतः हा भाग प्रेसवरच करतो, नवा बुश ठोकून बसवला की त्याची बाहेरची नळी चेपते.

क्रम पुन्हा एकदा सांगतो, कारण बरंच लिहिलं. सामान आणा. हँगर तपासा. जागा मोकळी करा. चेसिस टेकवा, पाटा निर्भार करा. तेल आणि हादऱ्याचा एक प्रयत्न. नाही निघाला तर कानांच्या आतून दोन काप. तुकडे बाहेर. शॉकअप. शेवटी यू-बोल्ट.

परत बसवताना दोन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली, हँगर आणि शॅकलची भोकं तारेच्या ब्रशने चकचकीत करा, आणि नव्या बोल्टच्या पूर्ण दांड्याला तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावा. ती मिळाली नाही तर जाड ग्रीस लावा, पण कोरडा बोल्ट घालू नका. रबराला मात्र ग्रीस लागू देऊ नका, खनिज तेलाने ते फुगतं आणि मऊ होतं. पाट्यांच्या मधल्या पृष्ठभागांना ग्राफाइट ग्रीस लावलं तर पाटे एकमेकांवर सहज सरकतात. दुसरी गोष्ट, सायलेंट ब्लॉकचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हवेत पाटा लोंबलेला असतो. तसाच आवळला तर गाडी खाली उतरवताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि एका हंगामात फाटतं. नट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, जागेवर चार वेळा दाबून उसळू द्या, आणि मग आवळा. आपल्याकडे नवे बुश वर्षभरात गेले म्हणून कंपनीला बोल लावतात, पण बहुतेक वेळा ते असेच आवळलेले असतात.

यू-बोल्टचे नट कोपऱ्यातून कोपऱ्यात, थोडेथोडे करून आवळा, म्हणजे चारही बाजूंना ताण सारखा येईल. पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा सगळे आवळा. नवे पाटे आणि नवी प्लेट जागा धरतात तेव्हा यू-बोल्ट हमखास सैल पडतात, आणि सैल यू-बोल्टमुळेच सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल मागे सरकतो.

उजव्या बाजूचे बोल्टही याच पाण्यात आणि याच चिखलात राहिलेले आहेत. डावी बाजू पूर्ण बसवून गाडी एकदा चालवून पाहा, आणि मग उजवीकडे हात घाला. कमान मात्र दोन्ही सेटची एकाच लोहाराकडून एकत्र मारून घ्या, नाहीतर गाडी आता डावीकडे बसते आहे ती उद्या उजवीकडे बसेल. त्यासाठी डावा सेट तात्पुरता जुन्या कमानीसह, नवा पाटा आणि नवे बुश घालून चढवावा लागला तरी हरकत नाही. बोल्ट पेस्ट लावून घातलेले असतील, तर दुसऱ्यांदा ते हाताने निघतील.

हँगरचे दोन फोटो पाठवा, एक खालून आणि एक आतल्या बाजूने, माती पूर्ण खरवडून. बोल्टच्या भोकाभोवती कानाची जाडी किती उरली आहे ते दिसलं, तर तो हँगर ठेवायचा की बदलायचा ते नक्की सांगतो. तोवर वेल्डरला गॅस लावू देऊ नका.